कुठे होतो गं आपण?

दादाचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात निघालेली, जयपूरच्या टोंक रोडवर रिक्षात होते. पिशवीत पेजेचा डबा आणि मोबाईलचा चार्जर. "सावकाश ये... आता घाई नाही," एवढंच तो म्हणाला. मला कळलं. तरी मी रिक्षावाल्याला "भैया, जल्दी चलो ना!" म्हणून ओरडतच राहिले. लवकर पोहोचून काय करणार होते मी, देव जाणे.

वहिनी गेली त्याला आता काही आठवडे झालेत. दादाची बायको, माहेर सांगलीचं. दादाची बँकेतून जयपूरला बदली झाली आणि ती दोघं तिलक नगरात राहिली ती कायमचीच. पुढे माझ्या नवऱ्यालाही इथलंच विम्याचं ऑफिस मिळालं, आम्ही प्रताप नगरात आलो. वहिनी शाळेत गणित शिकवायची, हिंदीतून. "वर्षभर हिंदी बोलून जीभ आंबते गं. सुट्टीत पोटभर मराठी ऐकू दे मला," म्हणायची. म्हणून शाळा चालू असताना मालिकेचा एकही भाग बघायचा नाही, सगळे दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवायचे. महाराष्ट्र मंडळातल्या बायका कथानक सांगायला लागल्या की ही कानांवर हात ठेवून उठायची. "पुढचं सांगाल तर बोलणार नाही हं मी कुणाशी!"

सुट्टी लागली की मी कपड्यांची पिशवी घेऊन तिच्याकडे. दुपारची जेवणं उरकली की सोफ्यावर दोघी, मध्ये चिवड्याचा डबा, तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट. मास्तरीणच ती, तिथेही नियम! एकटीने पुढे जायचं नाही. एकीचा डोळा लागला तर दुसरीने तिथेच थांबवायचं. डोळा नेहमी तिचाच लागायचा. "अगं बावळट, तोंड उघडून विचार ना त्याला!" असं नायिकेला झापता झापता बाई घोरायला लागायच्या. मी थांबवायचे, चहा टाकायचे. कपाचा आवाज झाला की ती दचकून उठायची आणि जणू झोपलीच नव्हती अशा थाटात विचारायची, "हं, कुठे होतो गं आपण?"

यंदा सुट्टी लागली ती दवाखान्यात. सोफ्याऐवजी कॉट, टीव्हीऐवजी माझा मोबाईल, एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. दोन ताटातूट झालेल्या बहिणींची मालिका होती आणि शेवट जवळ आला होता. एके दिवशी डॉक्टर दादाला बाहेर घेऊन गेले. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच मला काय ते समजलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे... मला वाटलं, भाग शिल्लक आहेत तोवर ही कुठे जातेय? अर्धवट टाकून जाणाऱ्यातली नाहीच ही! मग मी भाग पुरवून पुरवून दाखवायला लागले. थोडंसं झालं की म्हणायचे, चार्जिंग संपलं. नेट गेलं. नर्स ओरडेल. हसा मला. पण दुसरं काय होतं माझ्या हातात? औषधं त्यांची, मशीन त्यांची, माझ्याकडे फक्त ती मालिका होती.

तिच्या ते लक्षात आलं नसतं तरच नवल. दादाचा फोन आला त्याच्या आदल्या दुपारी म्हणाली, "शैलू, तुझ्या फोनचं चार्जिंग बरं रोज माझ्याच वेळेला संपतं."

"जुना झालाय फोन."

"किती दिवस पुरवशील गं?" ती हसली. मग श्वास घेत म्हणाली, "आज शेवट दाखव."

"शेवट घरी. सोफ्यावर बसून."

"बरं बाई... आत्ता आहे तेवढं तरी लाव."

मी लावलं. दोन मिनिटांत तिचा डोळा लागला. मी थांबवलं, तिच्या कानातला इअरफोन हळूच काढला, आणि उद्या चार्जर घेऊनच येते असं तिच्या उशीशी पुटपुटून निघाले.

वहिनीचे दिवस झाल्यावर तिची लेक मनू टीव्हीसमोर बसली होती. जयपूरचीच पोर, मराठी अडखळत बोलते. "आत्या, आपण एंड बघून टाकू ना... मतलब, आईसाठी." तिने रिमोट उचलला आणि मी किंचाळले, "हात लावू नकोस!" बिचारी घाबरून रडायला लागली. मग मीही रडले. दादा आतून आला, त्याने टीव्ही बंद केला.

बहिणी भेटल्या की नाही, मला नाही जाणून घ्यायचं. मी अजून दुपारी तिलक नगरला जाते. दादा आत पडलेला असतो. मी सोफ्यावर माझ्या जागी बसते, मग उठून चहा टाकते, दोन कप मुद्दाम आपटून ठेवते. तुझा नियम मी मोडलेला नाही वहिनी, तुझा डोळा लागला तिथेच थांबवलंय. चहा झालाय गं. ऊठ ना... एकदा विचार ना, कुठे होतो गं आपण?