लाल माती मला शिकवू नका

आखातातल्या बरका गावी एका खोलीत आम्ही दोघं राहत होतो: मी दुकानात काम करणारा रत्नागिरीचा मुसलमान, तो हॉटेलच्या रिसेप्शनवर बसणारा वसईचा ख्रिश्चन. एसीची हवा पोहोचायची एकाच खाटेवर. दुसरी स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे पंखा गरम हवाच ढवळायचा. म्हणून एसीची खाट महिन्याआड वाटून घेतलेली. जून माझा, जुलै त्याचा, ऑगस्ट माझा.

जूनच्या तोंडावर टीव्हीवर लाल मातीवरचं टेनिस सुरू झालं. पैशाची पैज मला हराम. खाट म्हणजे काही पैसा नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली.

उपांत्य सामन्यात मी तोफगोळ्यासारखी सर्व्हिस करणाऱ्या उंच गड्याला धरलं. वसईकराने लगेच भाव फोडला, एकास तीन. मी हरलो तर माझा एक महिना त्याचा, जिंकलो तर त्याचे तीन महिने माझे.

"एवढा भाव? हरायला घाबरत नाहीस?" मी विचारलं.

"घाबरतोय कसला! मातीवर सर्व्हिस मंदावते. समोरचा दिवसभर पळेल. तुझा गडी परवा पाच सेट खेळून दमलाय. त्यात काल पाऊस पडला, बॉल जड होणार. हॉटेलातले गोरे नाश्त्याला हेच बोलत होते."

"लाल माती तू मला शिकवणार? अरे, आमच्या लाल मातीच्या पिचवर बॉल नाकासमोरून सुसाट जातो! मी दात पाडून घेतलाय तिथे."

सामना सुरू झाला. माझ्या गड्याची सर्व्हिस मातीवर पडायची आणि चहा घेऊन सावकाश पुढे निघायची. समोरचा आरामात पोहोचायचा. तिसऱ्या सेटला माझा गडी गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. मला त्याचा नाही, माझ्याच पाठीचा कळवळा आला.

"खलास! उचल गादी," वसईकर म्हणाला. "आणि ऐक, ती माती नाहीच. विटांचा चुरा आहे."

हे आधी सांगायला काय झालं होतं? मी संतापलो, घामाघूम झालो, गादी उचलली.

जूनच्या अखेरीस गवतावरची स्पर्धा आली. वसईकर म्हणाला, गवतावर बॉल सगळ्यात वेगाने निघतो, सर्व्हिसवाल्यालाच धर. मी हसलो. बॉल गवतात अडकतो, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. मी ऑगस्ट पैजेला लावून पळणाऱ्याला धरलं.

ऑगस्टही मी स्वयंपाकघराच्या दाराशीच काढला.