चंद्रपूरचं नऊशे अठ्ठ्याहत्तर

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी चंद्रपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मोठा भाऊ बल्लारपूरला नोकरीला लागला आणि त्याने मला जपानी सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणून दिला. झाकणाच्या आत यादी छापलेली होती: प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉनचा भार, पृथ्वीच्या ओढीचा g. बटण दाबून यादीतला क्रमांक टाकला की आकडा हजर. मी खुळ्यासारखी नुसतीच बटणं दाबत बसायचे.

वर्गाने त्याचा भलताच उपयोग शोधला. लंबकाचे झोके मोजून g काढायचा, तर झोके कोण मोजतो! उत्तर सेंटिमीटरमध्ये ९८० यायला हवं, हे सगळ्यांना पाठ. माझ्या कॅल्क्युलेटरवरून g घ्यायचा, उलटं गणित करायचं आणि वेळेची रीडिंगं बसून लिहायची. याला रीडिंग 'बसवणं' म्हणत. मला भयंकर चीड यायची, पण मागितला की देत होते.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत माझ्या वाट्याला लंबकच आला. मी वीस-वीस झोके पाच वेळा मोजले. उत्तर आलं ९७८.

बाहेरगावचे परीक्षक वही बघून हसले. "हे काऊन असं आलं, बाई?"

"सर, पाचदा मोजलं."

त्यांनी माझाच कॅल्क्युलेटर उचलला, g चा क्रमांक टाकला आणि पडदा माझ्या नाकासमोर धरला. ९.८०६६५ मीटर, म्हणजे सेंटिमीटरमध्ये ९८०. "आता सांग, मशीन चुकून राह्यली का तू? खोड ते. ९८० लिहून आण, नाई तं मार्क विसर."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण फर्स्ट क्लास हुकला असता तर नागपूरची एम.एस्सी. गेली असती. मी "हो सर" म्हणाले, आकडा खोडला आणि पाचही रीडिंगं बसवली.

पुढे नागपूरच्या ग्रंथालयात एका जाड पुस्तकात तक्ता दिसला. g गावागणिक बदलतो. कॅल्क्युलेटरमधला आकडा पंचेचाळीस अक्षांशाच्या आसपासचा, म्हणजे तिकडे युरोपातला. आमच्या अक्षांशाला नऊशे अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडं.

मी पुस्तक टेबलावर इतक्या जोरात आपटलं की ग्रंथपाल धावत आले. "काय झालं?" म्हणाले. त्या प्रॅक्टिकलला मला पैकीच्या पैकी गुण होते. त्या गुणांवरच तर मला इथे प्रवेश मिळाला होता.