पहिलं माहेरी, दुसरं सासरी

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी करतात. हा नियम कोणी केला ठाऊक नाही, पण ज्याने केला त्याला स्वतःला कधी कळा आल्या नसणार. माझं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचा कोळीवाडा आणि सासर डोंबिवली पश्चिमेला. गाडीने अर्धा तास लागायचा. मला दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि तेवढं अंतर काही केल्या ओलांडता येईना.

झालं असं की माझ्या वहिनीलाही त्याच सुमारास दिवस राहिले. तिचंही दुसरंच. म्हणजे नियमाप्रमाणे तिचं बाळंतपण तिच्या सासरी, अर्थात माझ्या माहेरी, आणि ते निस्तरायचं माझ्या आईने. शिवाय ज्या घरात बाळंतीण आहे त्या घरचं माणूस सव्वा महिना दुसऱ्या बाळंतिणीच्या दारात पाय ठेवत नाही. एकीचं दूध दुसरीला बाधतं म्हणतात. थोडक्यात काय, सगळे नियम पाळून माझी आई माझ्या वाट्याला येत नव्हती.

मी तिला गाठून विचारलंच. "आये, एक दिस तरी येशील का? तेवढ्याच दिसापुरती?"

"सून परक्याची पोर गो," आई म्हणाली. "तिला टाकून आले तं लोका काय बोलतील? तू माजी हायस. तू समजून घेशील."

आपल्या माणसाने नेहमी समजून घ्यायचं असतं. मी समजून घेतलं आणि गाडीत बसल्यावर दिवा स्टेशन येईपर्यंत रडले.

पहिल्या वेळी ठाण्याच्या एका प्रसूतिगृहात मी ओरडले म्हणून तिथल्या आयाने माझ्या मांडीवर चापट मारली होती. "जगात तुलाच पोर होतंय का?" असं वर विचारलंही होतं. पोरगा झाला, मोठा झाला, धावायला लागला, पण ती चापट काही माझ्या डोक्यातून जाईना. या वेळी घरीच, हे मी नवऱ्याला सांगून टाकलं. तो कारखान्यात पाळीवर जाणारा शांत माणूस, "बघू" हे त्याचं सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर. मी म्हटलं, "बघू नाही, घरीच."

त्या वर्षांत डोंबिवली पूर्वेला एक निवृत्त शिक्षिका गरोदर बायकांचा वर्ग घ्यायच्या. चटईवर डोळे मिटून पडायचं. बाई सांगतील तसं एकेक अंग सैल सोडायचं, कपाळ सैल, जबडा सैल, मुठी सैल. श्वास घेतला त्याहून सावकाश सोडायचा. मनाला अर्धवट झोपवलं की शरीर आपलं काम विनातक्रार करतं, असं त्यांचं म्हणणं. 'कळ' या शब्दाला त्यांच्या वर्गात बंदी होती. 'लाट' म्हणायचं. मला राहवेना.

"बाई, आमच्या खाडीला लाटा नसतात. भरती येते आणि आपोआप उतरते."

बाई म्हणाल्या, "बरं, तू भरती म्हण."

त्यानंतर आपल्याला सगळ्यांत सुरक्षित वाटेल अशी जागा डोळ्यांपुढे आणायची. बाकीच्या बायका महाबळेश्वरला जायच्या, एक जण रोज देवळात जायची. मी माहेरच्या मागल्या अंगणात जायचे. दुपारचं ऊन, गोणपाटावर सुकत घातलेला जवळा, आणि त्यातला कचरा निवडत माझ्याकडे पाठ करून बसलेली आई. वाससुद्धा यायचा मला. आईने मागे वळून बघावं म्हणून मी तिथे उभी राहायचे, पण ती काही वळायची नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं की बाई हलकेच म्हणायच्या, येऊ दे, मन मोकळं होतंय. मोकळं कसलं होतंय! मला आई हवी होती.

सासूबाईंना हे सगळं खूळ वाटेल अशी माझी खात्री होती. त्या एकदा माझ्याबरोबर वर्गाला आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "वाईट नाय." डॉक्टरीणबाईंनी तपासून, मूल नीट फिरलंय, काही अडचण दिसत नाही, असं सांगत नाराजीनेच होकार दिला. आमच्या खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या, त्यांनी हजर राहायचं ठरलं. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला नवऱ्याने सांगून ठेवलं की आता काही दिवस लांबचं भाडं घेऊ नकोस.

वहिनी माझ्या आधी बाळंत झाली. मुलगा झाला. भाऊ निरोप द्यायला आला तो खाली रस्त्यावरच उभा राहिला आणि तिथूनच ओरडून सांगून गेला. माझेही दिवस भरले होते, त्यामुळे नियमाप्रमाणे वर आला नाही.

मला सकाळी पाणी भरताना पहिली भरती आली. नर्सबाई आल्या, पोराला शेजारी पाठवलं, नवरा जिन्यात जाऊन बसला. मी कुशीवर पडून डोळे मिटले. सासूबाई पाठीशी बसल्या आणि माझ्या कमरेवर तळवा दाबून धरत त्यांनी बाईंचं सगळं म्हणायला सुरुवात केली. "हात सैल. पाय सैल. तोंड सैल सोड." सूर मात्र कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करावी तसा. मला हसू येत होतं. त्यांचा तळवा अगदी हवा तिथेच होता. त्यांच्यात काही खोट काढता आली असती तर मला बरं वाटलं असतं.

भरती चढायची, मी अंगणात जायचे, भरती उतरायची, मी परत यायचे. शेवटी शेवटी तर मी परत आलेच नाही. त्या उन्हात आईच्या पाठीकडे बघत उभी होते तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "मुलगी!" समोरच्या बिऱ्हाडाला बाळाचा आवाज ऐकूनच कळलं. मी तोंडातून हूं की चूं केलं नव्हतं. सासूबाईंनी हे आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं. पाचवी पुजताना सांगितलं, बारशाला सांगितलं. बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या आणि मी दाराकडे बघायचे.

सव्वा महिना झाला आणि आई आली. संध्याकाळच्या आत तिला परत जायचं होतं. तिने हातपाय धुतले, भिंतीला टेकून बसली, मी मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. तिने दुपटं बाजूला करून नातीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"लय दुकला का गो?"

तिच्या जिवाला घोर नको म्हणून मी फुशारकीने सगळं सांगितलं. बाई, श्वास, भरती. काही नाही गो आये, एवढं सोपं गेलं की काय सांगू. आई ऐकत होती आणि नातीच्या पायाची बोटं एकेक करून चोळत होती. मग मान वर न करताच तिने विचारलं, "मंग मना हाक पन नय मारलीस?"

मी पूर्ण वेळ तुझ्याच अंगणात होते, हे तिला कसं सांगायचं? आमच्यात असलं कोणी बोलत नाही.

"मारली नं," मी म्हटलं. "आये आये करून वरडले. आक्खी बिल्डिंग गोला झालेली."

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज थांबला. तिथे सगळं ऐकू जात होतं. सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्यांनी आईपुढे कप ठेवला आणि पदराने हात पुसत म्हणाल्या, "वरडली तं काय! कान किटलं आमचं."

"येडी माजी पोर," आई म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली.

त्या दिवसानंतर सासूबाईंनी माझ्या न ओरडण्याची गोष्ट पुन्हा कधी कोणाला सांगितली नाही. आई आता राहिली नाही. मला मात्र अजून वाटतं, मी खरंच एकदा ओरडायला हवं होतं.