याडीचा दम

"दम नाही लागत बापू, धूळ लागते." माझ्या मेडिकलच्या काउंटरवर दोन्ही तळवे टेकून, खांदे वर ओढून ती हे सांगायची. एवढ्याशा वाक्यात तिला दोनदा थांबावं लागायचं.

दिग्रसबाहेर तिचा बंजारा तांडा. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणायचो. वीस-बावीस हंगाम ती कापसाच्या जिनिंगमध्ये बसून पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचत होती. तुम्ही हंगामात तिकडून गेला असाल, तर तिथली हवा पाहिलीच असेल. ती डोळ्यांना दिसते. त्यावर मालकाचा उपाय काय, तर सुट्टी होताना प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा. गुळानं घशातली रुई खाली उतरते म्हणे. पंखा नाही, तोंडाला फडकं नाही, गूळ! आणि याडी तो खडा कपाळाला लावून खायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी पुन्हा चुलीत पऱ्हाटीच्या काड्यांचा धूर होताच.

शेवटी मीच तिला यवतमाळला धाडलं. डॉक्टरनं आधी विचारलं, बिडी किती वर्षं ओढता? जन्मात बिडीला हात न लावलेली बाई त्याच्यावर उखडलीच. मग त्यानं नीट सांगितलं. धुळीनं आणि धुरानं श्वासाच्या नळ्या आतून सुजून अरुंद झाल्यात, त्या पहिल्यासारख्या होणार नाहीत, पण रोज औषध ओढलं तर चालता-फिरता येईल.

"सूज तं पायावर येते," ती मला म्हणाली. मी हसलो. चिठ्ठीवरच्या कॅप्सूल दिल्या, त्यातली पूड ओढायचं यंत्र दिलं. दुकानात गर्दी होती. सकाळी एक, संध्याकाळी एक, एवढंच सांगितलं.

तीन महिने ती नेमानं कॅप्सूल नेत होती आणि दर खेपेला जास्तच धापा टाकत येत होती. मी डॉक्टरला शिव्या घालत होतो. मग एक दिवस तिनं माझ्यासमोरच कॅप्सूल काढली, गुळाच्या खड्यात खोचली आणि पाण्याबरोबर गिळली.

यंत्र कुठे आहे विचारलं. लुगड्यांखाली पेटीत जपून ठेवलं होतं, महागाचं म्हणून.

मी दुसऱ्या यंत्राचं पाकीट फोडलं, कॅप्सूल बसवली, कशी ओढायची, श्वास किती धरायचा ते करून दाखवलं. ती बघत राहिली.

"हे त्या दिवशी काहून नाही दाखवलं?"

गर्दी होती, मी म्हणालो. स्वतःचा इतका संताप मला कधीच आला नव्हता.

महिन्याभरात ती बरीच सुधारली. आणि सुधारली म्हणूनच पुन्हा जिनिंगमध्ये गेली. तो हंगाम पुरा व्हायच्या आतच ती वारली.

आता तिच्या जागेवर तिची सून बसते. परवा खोकत आली, खोकल्याची बाटली मागू लागली. मी भर दुकानात तिच्यावर ओरडलो, त्या जिनिंगमध्ये पुन्हा पाय ठेवायचा नाही.

"मंग कुठी जाऊ, भाऊ?" ती म्हणाली, आणि मी काय सांगतो ते ऐकायला तशीच उभी राहिली.