रानाच्या वाटणीची आंबील

डिसेंबर संपत आला की ऑफिसातली मंडळी गोव्याला जातात आणि भाजलेली नाकं मिरवत परत येतात. मी सोनपेठकडे सासुरवाडीला जातो आणि माकडहाड सुजवून परत येतो. कारण येळवस. पंचांगवाले तिला वेळा अमावस्या म्हणतात. आमच्या नाशकात हे नावही कुणी ऐकलेलं नाही, पण इथे त्या दिवशी अख्खं गाव घरांना कुलपं लावून आपापल्या रानात जेवायला जातं. दिवाळीला आला नाहीत तर एकवेळ माफी आहे. येळवशीला आला नाहीत तर मेलात असं धरतात.

माकडहाडाचं कारण म्हणजे जावयाचा मान. सगळं खानदान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या अंथरून मांडी घालून बसतं, आणि मला प्लास्टिकची खुर्ची. भर ट्रॉलीत, मधोमध. गाडीवाट काळ्या मातीची, पावसाळ्यात चाकांनी उकरलेली आणि आता वाळून दगड झालेली. दर खड्ड्याला मी हवेत जातो आणि पुन्हा मानाच्या जागी आदळतो. पहिल्याच वर्षी म्हणालो होतो, मी पण खाली बसतो. तर चुलत सासरे म्हणाले, "आवो जावई, खाली बसल्यावर लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे दोन्ही बाजूंची तूर. तिसरं कुणीही नव्हतं.

तर सासुरवाडीत जावयाला खुर्ची असते, ताट असतं, फक्त मत नसतं. आणि यंदाच्या येळवशीला मला फार मत होतं.

सासरे उन्हाळ्यात गेले. सासूबाई, त्यांना मी मामी म्हणतो, गावात एकट्या राहिल्या. दिवाळीनंतर एकदा अंगणात चक्कर येऊन पडल्या आणि शेजारीण येईपर्यंत तशाच पडून होत्या. त्यामुळे पुण्याच्या मेव्हण्याने ठरवूनच टाकलं, रान बटईनं दुसऱ्याला कसायला द्यायचं आणि आईला अकराव्या मजल्यावर न्यायचं. पोरगा वाईट नाही हो. आईच्या काळजीने त्याचे केस गेले, असं तो सांगतो. केस आधीपासूनच जात होते, पण काळजीही खरी होती. माझी बायको त्याची धाकटी बहीण. ती कधी भावाच्या बाजूने रडायची, कधी आईच्या. मामींनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "येळवस होऊ द्या. रानाला इचारते अन् सांगते."

मेव्हणा हसला. म्हणाला, "विचार की. रान काय बोलणार आहे?" मला वाटत होतं, ओढून नेऊ नये. पण खुर्ची सोडून बोलायची पद्धत नाही.

रानात पोचलो तेव्हा थंडीने दात वाजत होते. ज्वारीच्या मधोमध कडब्याची खोपटीसारखी कोप उभी केलेली, तिच्यावर मामींचं ठेवणीतलं लुगडं पांघरलेलं. आत पाच दगड चुना लावून मांडलेले. हे पाच पांडव. गेल्या वर्षी यांतला भीम कोणता विचारलं म्हणून बायकोने मला चिमटा काढला होता. यंदा गप्प राहिलो, पण डावीकडून दुसरा असणार, त्याचं पोट सुटलंय. पूजा झाली की जेवण. त्या जेवणासाठी मी माकडहाडच काय, पाठीचा सगळा कणा द्यायला तयार आहे. रानात उगवतं ते सगळं एका पातेल्यात घालून बेसन-ताकात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर. आणि आंबील. ताकात ज्वारीचं पीठ, लसूण, मिरची घालून मडक्यात आंबवलेली. दोन पेले प्यायलं की माणूस बाभळीखाली आडवा होतो आणि त्याला कसलीही चिंता राहत नाही.

पण आंबील आधी रानाची. घरच्या कर्त्या पुरुषाने मडकं खांद्यावर घ्यायचं, कडुलिंबाचा डहाळा त्यात बुडवायचा आणि पिकावर शिंपडत रानाला फेरी मारायची. हे काम इतकी वर्षं सासऱ्यांचं. आणि सासरे म्हणजे उधळ्या माणूस. डहाळा वगैरे नुसता नावाला. खांदा असा झुकवायचे की भसाभस आंबील ज्वारीत. मामी कोपीपाशी उभं राहून ओरडायच्या, "आवो, हळू! समदी सांडायलाव की! लेकरास्नी प्यायला तरी ठेवा थोडी!" सासरे ढिम्म. परत यायचे तेव्हा मडक्यात तळाशी चूळ भरण्यापुरती आंबील. मग मामी दिवसभर बोलायच्या आणि सासरे दिवसभर मिशीत हसायचे. लग्न झाल्यापासून मला पोटभर आंबील एकदाही मिळालेली नाही. दोन पेल्यांचं मघाशी सांगितलं ते ऐकीव आहे.

यंदा मडकं कुणी घ्यायचं? चुलत सासऱ्यांनी कंबर धरून दाखवली. मी जावई, म्हणजे परक्या घरचा. राहिला मेव्हणा. त्याने पॅन्ट दुमडली, बूट काढले, मनगटावरचं घड्याळ सांभाळत मडकं उचललं आणि निघाला. इतका हळू, जणू मडक्यात कुणी झोपलंय. डहाळा बुडवायचा, निथळू द्यायचा, मग चार थेंब टाकायचे. बायको माझ्या कानात म्हणाली, "दादा छान करतोय, नाही?"  मामींना ओरडायला जागाच मिळत नव्हती.

फेरी मारून मेव्हणा घामाघूम होऊन आला. मडकं मामींपुढे ठेवलं. जवळजवळ काठोकाठ.

"बघ," तो म्हणाला, "वाया नाही घालवली."

मी पेला पुढे केला होता, खोटं कशाला बोलू. मामींनी मडक्यात वाकून बघितलं.  मग म्हणाल्या, "अन् रानाला काय दिलास?"

"दिलं ना शिंपडून."

"हे शिंपडणं हाय व्हय? समदी माघारी आणलास, लेका!"

आता मेव्हण्याचंही डोकं फिरलं. "आई, कमाल करतेस! जन्मभर तूच ओरडायचीस ना बाबांवर? हळू, सांडू नका, पोरांना ठेवा! मी लहानपणापासून तेच ऐकत आलोय. तू म्हणायचीस तसंच केलं!"

मामींनी मडक्यावर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या, "ते म्हणायचं असतंय रे. ऐकायचं नसतंय."

 मी पेला मागे घेतला. मामींनी पदर खोचला आणि मडकं काखेत उचललं. चुलत सासरे खाकरले, "वैनी, बाईमाणसानं फेरी... आपल्यात असं न्हाई."

"मग घ्या तुमी. हाय का कमरेत दम?"

चुलत सासऱ्यांनी एकदम पांडवांकडे लक्ष दिलं.

मामी ज्वारीत शिरल्या. ज्वारी डोक्याच्या वर, त्यामुळे त्या दिसेनात. नुसती कणसं हलत होती आणि आंबील पडल्याचा आवाज येत होता, भसाभस, सासऱ्यांसारखाच. आणि त्याच्यावर मामींचा आवाज. "आवो, हळू! समदी सांडायलाव की! कितींदा सांगू? लेकरास्नी ठेवा थोडी!" स्वतःच सांडत होत्या आणि स्वतःच ओरडत होत्या. आवाज रानाच्या कडेकडेने फिरत दूर गेला, मग हळूहळू परत आमच्याकडे यायला लागला. बायको माझा दंड घट्ट धरून रडायला लागली. मी पण रडलो. जावई रडला तर लोक काय म्हणतील याचा विचार केला नाही.

मामी बाहेर आल्या तेव्हा अंगावरचं लुगडं आंबिलीने थबथबलेलं होतं, केसांत तुरे अडकलेले. मडकं खाली ठेवून त्यांनी पदराने तोंड पुसलं.

मेव्हण्यानेच विचारलं, "विचारलंस रानाला?"

"इचारले."

"मग?"

"मी न्हाई येत पुण्याला. मला चक्कर आली तर येईल. तुमी येत जावा."

 मला वाटलं, आता भांडण. पण मेव्हण्याने खाली वाकून मडकं उचललं, आत बघितलं, उलटं करून बघितलं. पायावर एक थेंब पडला. आणि मग तो ओरडला, रानातली पाखरं उडाली इतक्या मोठ्याने, "आई! अगं सगळी सांडलीस? लेकरांना तरी ठेवायचीस की थोडी!"

मामी कोपीकडे वळल्या होत्या. त्यांनी मागे बघितलं नाही. नुसत्या गालात हसल्या आणि माझ्यापुढे ताट मांडायला लागल्या.