अण्णाप्पांचं योगाचं रजिस्टर

अण्णाप्पा मगदूम यांनी जन्मात काम असं फारसं केलं नाही. दुसऱ्यांनी किती वाजता केलं तेवढं बघितलं. इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात तीस वर्षं ते टाइमकीपर होते. भोंगा झाला की हे महाशय घड्याळ धरून गेटवर उभे. बॉयलरवरचा कामगार धुळा एकदा दोन मिनिटं उशिरा आला, घरी बायको बाळंतपणात अडली होती म्हणून. यांनी लाल शाईनं 'गैरहजर' मारून त्याला माघारी पाठवला. "आवं सायेब, दोन मिनिटानं काय हुतंय?" असं धुळा म्हणाला होता. अण्णाप्पा ही गोष्ट अजून चारचौघांत सांगतात, आणि वर शिस्तीचा दाखला म्हणून सांगतात.

रिटायर झाल्यावर हाताशी गेट उरलं नाही. मग सांगलीत तीन दिवसांचं योगशिबिर झालं आणि अण्णाप्पा तिथून घरी आले ते योगाचार्य होऊनच. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते हेच. आल्या आल्या जाडजूड रजिस्टर आणलं, रेघा मारल्या. पहाटे साडेचारला प्राणायाम, सहाला आसनं, दुपारी जेवायच्या आधी पुन्हा थोडी, जेवल्यावर वज्रासन, दिवस मावळताना ध्यान. दिवसातनं पाच वेळा. वज्रासन सोडलं तर जेवल्यावर चार तास कुठलंही आसन नाही, मिनिटभर कमी नको. अंगणात त्यांच्याच वयाचे पाच-सहा रिकामटेकडे पेन्शनर जमू लागले. शवासनात सगळ्यांत आधी घोरायला लागायचे ते स्वतः आचार्य. रजिस्टरात मात्र त्यांच्या नावापुढं रोज पाच वेळा 'हजर'.

या सगळ्यात खरी गरज होती ती त्यांच्या बायकोला, राजमतीला. तिचा उजवा खांदा आखडला होता. वेणी घालायला हात मागं जाईना, फळीवरचा डबा काढायचा तर स्टूल लागे. सांगलीच्या फिजिओथेरपीच्या प्रियदर्शनी मॅडमनी तिला ताणाचे साधे व्यायाम दाखवले होते, रोज वीस मिनिटांचे. ती ते दुपारी तीनला करायची, कारण दिवसात तेवढीच वेळ तिची असायची.

अण्णाप्पांनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, बाराला जेवलीस. तीनच तास झाल्यात. अवेळी केलेला योग विख हाय विख."

"मग कवा करू?"

"साडेचारला. सगळ्यांच्या संगट."

साडेचारला म्हणे. साडेचारला अंगण झाडायचं कुणी? सतरंज्या कोण घालणार? मंडळींना पाणी तापवायचं, दिवस उगवला की गवती चहाचा काढा द्यायचा, हे काय आचार्य करणार होते? राजमती साडेचारपासून राबत होती आणि तिच्या नावापुढं रोज लाल शाईनं 'गैरहजर' पडत होतं. दुपारी करावं तर नवरा घड्याळ दाखवायचा. असे तीन महिने गेले.

पुन्हा दाखवायला गेले, तेव्हा अण्णाप्पांनी कौतुकानं रजिस्टर बरोबर घेतलं होतं. प्रियदर्शनी मॅडमनी राजमतीचा हात उचलून बघितला. तो खांद्याच्याही खाली अडकला. मग त्यांनी रजिस्टर चाळलं.

"या रोज गैरहजर दिसतात. साडेचारला असतात कुठं?"

"चुलीपाशी," अण्णाप्पा म्हणाले. त्यात काही खटकण्यासारखं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मॅडमनी रजिस्टर मिटलं आणि त्या फक्त राजमतीशी बोलल्या. "दोन महिन्यांत हात सुटला नाही तर भूल देऊन खांदा मोकळा करावा लागेल. पाच वेळा नको, एकदाच करा, पण रोज करा. तुडुंब जेवून करू नका, बाकी वेळ तुमची तुम्ही ठरवा."

भूल म्हटल्यावर राजमती घाबरली. एसटीत ती घरापर्यंत एकच विचार करत होती, की आपली वेळ कुठली. गाव येईस्तोवर तिला ती सापडली होती, आणि भीतीच्या जागी राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं सांगून टाकलं. "आजपासनं माझी येळ साडेपाच. सांजची. बाराचं जेवान, म्हंजी साडेपाच तास हुत्यात. तुमच्या नियमात बसतंय."

"आन भाकरी?"

"तुमची तुमी करा. माझा दहीभात मी दुपारीच काढून ठेवणार हाय."

अण्णाप्पा हसले. त्यांच्या जैन घरात दिवस मावळल्यावर अन्नाला कुणी शिवत नाही. आजोबा-पणजोबांपासून हा नेम, आणि अण्णाप्पांनी तो कधी मोडलेला नव्हता. मोडायची पाळी कशाला येईल, साडेपाचला भाकरी आयती ताटात पडत होती ना. डिसेंबरचे दिवस, कॅलेंडरात सूर्यास्त सहा वाजून चार मिनिटांनी. बायको वेळेला उठेलच, या भरवशावर ते पावणेसहापर्यंत निवांत बसून राहिले.

राजमती भिंतीला बोटं टेकवून हात वर सरकवत होती. दुखत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, पण ती थांबली नाही. शेवटी अण्णाप्पा उठले. पीठ कुठल्या डब्यात असतं हे चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना ठाऊक नव्हतं. पहिली भाकरी थापतानाच तुटली, दुसरी तव्याला चिकटून बसली. इकडं राजमतीची वीस मिनिटं तोवर पुरी झाली होती. राजमतीनं बोटं पोचली तिथं भिंतीवर पेन्सिलीची खूण केली, दहीभात खाल्ला, दिवस असतानाच पाणी प्यायली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

तिसरी भाकरी बरी उतरली. अण्णाप्पांनी ती ताटात घेतली, घास मोडला.

राजमतीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. सहा वाजून सहा मिनिटं.

अण्णाप्पा हातातल्या घासाकडं बघत राहिले. "दोन मिनिटानं काय हुतंय गं," ते म्हणाले.

"धुळा बी ह्येच म्हनला हुता," राजमती म्हणाली.

त्यांनी घास ताटात ठेवला. तिनं रजिस्टर त्यांच्या नावापाशी उघडलं, लाल पेन त्यांच्या पुढ्यात सरकवलं आणि ताट उचलून घेतलं.