उंदीर कोणाला म्हणालात?

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी या खाणींच्या गावात कुणाचा अपमान करायचा तर आई-बाप काढावे लागत नाहीत. 'उंदीर' म्हटलं की पुरे. दुसऱ्याच्या खाणीत गुपचूप उतरून ओपलची रत्नं चोरतो, तो उंदीर. द्रागित्साच्या नवऱ्यानं, मिलुतिननं, उभा जन्म ओपल खणण्यात घालवला, पण परक्याच्या खड्ड्यातला खडासुद्धा उचलला नाही.

पुढे धुळीनं फुप्फुसं खाल्ली आणि तो अंथरुणाला खिळला. घर आणि त्याला लागून द्रागित्साचं छोटं लॉज, दोन्ही टेकडी पोखरून केलेली. तिनं त्याला मासेमारीचा व्हिडिओ गेम आणि तो खेळायचं यंत्र आणून दिलं, चांगला दुकानातून विकत. म्हातारा पडल्या पडल्या गळ टाकायचा आणि मासा लागला की लहान मुलासारखा ओरडायचा. पण मेला तो गेम! आपली प्रत चोरीची नाही, हे गेमच्या कंपनीला कळवायला त्याला रोज इंटरनेट हवं. खडकाखाली कुठलं आलंय इंटरनेट? मग द्रागित्सा दुखऱ्या गुडघ्यांनी ते यंत्र जिन्यानं वर उन्हात न्यायची, हजेरी लावायची, परत खाली आणायची.

एक दिवस पडद्यावर अक्षरं उमटली: 'ही प्रत चोरीची असू शकते.' का, तर यंत्र सारखं गायब होतं म्हणून! माणसं जमिनीखाली राहतात, हे त्या दीडशहाण्यांच्या गावीही नव्हतं. द्रागित्सानं फोन करकरून जीव काढला. कुणी दाद दिली नाही.

"मला उंदीर म्हणाले?" मिलुतिननं विचारलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या हिवाळ्यात तो तसाच गेला.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा ट्रेंट नावाचा पोरगा लॉजवर उतरला. नव्या गेमसाठी खाणींचे फोटो हवे होते म्हणे. शर्टावर कंपनीचं नाव पाहून द्रागित्साच्या डोक्यात तिडीक गेली, पण बोलणं गोड. "ये रे बाळा, ये."

ट्रेंटनं अंगाला साबण लावला आणि पाणी गेलं, दिवेही गेले. टॉवेल गुंडाळून तो जिना चढून वर द्रागित्सापाशी आला.

"काकू, पाणी!"

"पावती दाखव."

"अहो, आत्ताच नाही का भरले पैसे?"

"भरले रे. पण ते भरणारा तूच कशावरून?"

तो अंधारात चाचपडत खाली गेला, पावती घेऊन आला. पाणी सुरू झालं. जेवायला बसला, पुन्हा अंधार. पुन्हा जिना, पुन्हा पावती. द्रागित्सा मजेत कॉफी पीत होती. तिसऱ्या खेपेला पोरगा भडकला.

"मी काय चोर आहे?"

याच वाक्याची ती वाट बघत होती. तिनं मिलुतिनचा फोटो त्याच्यापुढे आपटला. "हेच यानं विचारलं होतं!" आणि मग तिनं सगळं सांगितलं, न रडता, दात-ओठ खात.

ट्रेंटचा चेहरा उतरला. "काकू, तो नियम मी नाही केला."

"मला नको, त्याला सांग. उंदीर नव्हता म्हणून सांग."

"तुम्ही उंदीर नव्हता," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. तो खडकाखाली आहे, त्याला ऐकू जात नाही."

ट्रेंट ओरडला. साऱ्या जिन्यात आवाज घुमला. द्रागित्सानं डोळे पुसले, फोटो उचलून घेतला आणि दुसरा हात त्याच्यापुढे पसरला.

"पावती?"